तिसरी इमारत

अकरावी ओळ चौथ्यांदा लाल झाली तेव्हा तिने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले, हट्टी मुलासमोर आपणच शांत व्हावं तशी जरा वेळ बसून राहिली, आणि मग तीच तपासणी पुन्हा चालवली. वरच्या दहा ओळी शहाण्यासारख्या एकामागून एक हिरव्या झाल्या. मेमरी पुरेशी. डिस्क पुरेशी. सगळ्या मशिनांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली. अकराव्या ओळीपाशी ठिपका गोल गोल फिरत राहिला आणि परत लाल.

‘यंत्रे तीन वेगवेगळ्या इमारतींत असणे आवश्यक. आढळलेल्या इमारती : दोन.’

“पाचव्यांदा विचारलंस तरी ते हेच सांगणार,” शेजारच्या खुर्चीवरून रेडिओ म्हणाला. त्याचं खरं नाव कागदोपत्री कुठेतरी असेल. मजल्यावर त्याला सगळे रेडिओच म्हणत, कारण तो बंद होत नसे. “मशीन आहे ते, सासू नाही. मनधरणी करून ऐकायला.”

“सासू तरी कुठे ऐकते?”

“बघ. म्हणजे मशीनच बरं.”

ती हसली नाही, पण खांदे जरा सैल झाले. उजव्या खांद्यावर कुस्करलेल्या केळ्याचा वाळका डाग होता. सकाळी निघताना लेकीने गळ्यात पडून तोंड पुसून घेतलं होतं. तिने तो नखाने खरवडला आणि मग तसाच राहू दिला.

मजल्यावर तिला मुंगी म्हणत. बुटकी म्हणून नव्हे. हजार ओळींच्या फाइलमधून ती अशी एकेक ओळ सरकत जाई की एखादा चुकलेला स्वल्पविरामसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे. उद्या सकाळी नऊ वाजता शहराच्या अँब्युलन्स सेवेचा नवा प्लॅटफॉर्म या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या मशिनांच्या संचावर, चढवायचा होता. आतापर्यंतच्या यंत्रणेत फक्त फोन घेतले जात. आता फोन, गाडी, रस्ता, कुठल्या इस्पितळात खाट रिकामी आहे, सगळं एकाच ठिकाणाहून हलणार होतं. प्लॅटफॉर्म बनवणारी मंडळी दुसऱ्याच कंपनीची. ती येऊन आपले कंटेनर, म्हणजे प्रोग्रामांचे बांधून आणलेले डबे, मांडणार. त्याआधी जागा झाडून, जमीन सपाट करून, नळ-वीज जोडून ठेवायची, एवढंच हिच्या टीमचं काम. पाहुण्यांच्या आधी घर लावून ठेवावं तसं. कुणी कौतुक करत नाही, पण पाट हलला तर बोल मात्र लागतो.

क्लाउड म्हणत असले तरी तिथे ढगबिग काही नव्हतं. शहराच्या तीन टोकांना तीन बिनखिडक्यांच्या इमारती होत्या, आत एवढा गारवा की माणसं भर उन्हाळ्यात जर्किन घालून फिरत. प्रत्येक महत्त्वाच्या कामाच्या तीन प्रती, तीन इमारतींत. एकीची वीज गेली तर उरलेल्या दोघी एकमेकींना विचारून गाडा ओढत राहतात. दोघी गेल्या तर मागे राहिलेली एकटी घाबरून गप्प बसते. हे सगळं तिला एकदा सासऱ्यांना समजावून सांगावं लागलं होतं. ते तीस वर्षं लिफ्टदुरुस्तीच्या कामात होते. कुठलीही गोष्ट कशाला टांगलेली आहे हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे पाऊस पडला तर तुमचं काही भिजत नाही ना?” आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेस्तोवर हसले.

त्यांना जाऊन सोळा महिने झाले होते. ते गेल्यावर बाराव्या दिवशी लेक झाली. त्यामुळे घरात तिचं वय कुणी मोजलं की सगळे एकदम गप्प होत.

“लाल का दिसतंय ते?”

मास्तर पाठीमागे येऊन उभे होते. टीमचे प्रमुख, पूर्वी कुठल्याशा तंत्रशाळेत शिकवत, तेव्हापासूनचं ते नाव. हातात बिनसाखरेचा चहा, शर्टाच्या खिशात गोळ्यांची डबी.

“तिसऱ्या इमारतीत मशीन मिळालं नाही, सर. मी तीन वेळा मागणी टाकली.”

“मिळणार नाही. तिथे जागाच नाही, तीन आठवडे तरी.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “पहिल्या इमारतीत दोन आहेत ना आपली? त्यातल्या एकाला तिसऱ्या इमारतीचं लेबल लाव आणि पुढे चल. मशीन आलं की हलवू.”

“पण सर, ते असेल पहिल्याच इमारतीत.”

“तपासणीला कुठे दिसतंय?”

तेही खरं होतं. प्रत्येक मशीनला एका ओळीचं लेबल असतं, हे कुठल्या इमारतीत आहे ते सांगणारं. एरवी ती ओळ मशीन आपली आपण भरतं, पण हातानेही भरता येते. आणि तपासणी मशीनपर्यंत जातच नाही. ती फक्त लेबल वाचते. बरणीवर साखर लिहिलेलं असलं की आत मीठ का असेना, तिचं समाधान होतं.

“जुन्या क्लस्टरला कसं केलं होतं ते बघून घेते,” ती म्हणाली. नाही म्हणायला धीर होत नव्हता आणि हो म्हणायला जीभ वळत नव्हती, तेव्हा हे मधलंच काहीतरी तोंडातून गेलं.

“घे ना. जुनी फाइलच घे. पाचच्या आत तयारीचा अहवाल सरकारी खात्याकडे गेला पाहिजे. उद्या मोठी माणसं येणारेत, फोटो निघणारेत.”

या धंद्यात नवं क्लस्टर कुणी कोऱ्या पाटीवर लिहीत नाही. आधीच्याची फाइल घ्यायची, नावं बदलायची, आकडे वाढवायचे. कुणीतरी कधीतरी केलेल्या चुका अशाच वारशाने पुढे येतात, आणि शहाणपणही. तिने अँब्युलन्स सेवेच्या जुन्या क्लस्टरची फाइल उघडली. तिन्ही मशिनांची लेबलं व्यवस्थित होती : एक, दोन, तीन. मात्र तिसऱ्या लेबलापाशी तिची नजर अडकली. ते फाइलच्या इतिहासात, म्हणजे कुणी कधी काय बदललं त्याच्या नोंदीत, दोनदा हाताने बदललेलं दिसत होतं. मशीन जे आपलं आपण भरतं, ते कुणी दोनदा हाताने कशाला बदलेल?

मुंगी सरकत सरकत तिथवर गेली.

पहिला बदल वीस महिन्यांपूर्वीचा. मशीन होतं पहिल्या इमारतीतलं, त्याच्या पत्त्यावरून सरळ कळत होतं. लेबल लावलं होतं तिसऱ्या इमारतीचं. शेजारी टीप : ‘तात्पुरतं. तिसऱ्या इमारतीत मशीन मिळालं की हलवायचं.’ आणि त्यापुढे बदल करणाऱ्याचं नाव.

तिच्या नवऱ्याचं.

तिने ते नाव परत वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती. दुकानाच्या यादीतसुद्धा प्रत्येक वस्तूपुढे पूर्णविराम देणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता. तिने तारीख वाचली, आणि वेळ. दुपारचे चार वाजून चाळीस मिनिटं.

तो दिवस तिला पाठ होता. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी. साडेचारला तिने दवाखान्यातून त्याला फोन केला होता : “अरे, कुठे आहेस? नंबर येईल आता. तुझ्या खुर्चीवर एक बाई पिशवी ठेवतेय, मी किती वेळ भांडू तिच्याशी?” तो म्हणाला होता, “एकच ओळ राहिलीय, टाकतो आणि निघतो.” सव्वापाचला धापा टाकत आला. पडद्यावर वाटाण्याएवढं हृदय लुकलुकताना बघून त्याने तिचा हात एवढा दाबला की अंगठीचा वळ उठला.

एकच ओळ.

“मुंगे, चहा?” रेडिओने विचारलं. “अगं, पांढरीफटक पडलीस. जेवलीस का?”

“हो,” ती म्हणाली. अकराच वाजले होते.

त्या सोनोग्राफीनंतर चार महिन्यांनी, असेच सकाळचे अकरा. सासरे बुटाची नाडी बांधायला खुर्चीवर वाकले आणि वाकलेलेच राहिले. ती नऊ महिन्यांचं पोट सांभाळत त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिने अँब्युलन्सचा नंबर लावला. पलीकडे ध्वनिमुद्रित आवाज : आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. परत लावला. परत तोच आवाज, तसाच गोड. अकरा दहा ते अकरा एक्कावन्न. मधल्या वेळात नवऱ्याला नऊ वेळा फोन केला, नऊ वेळा त्याने कट केला. कारण तोही त्याच नंबराच्या मागे बसला होता; पहिल्या इमारतीची वीज गेली होती आणि यंत्रणा उठत नव्हती. शेवटी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने गाडी काढली. डॉक्टर म्हणाले, “अर्ध्या तासापूर्वी आणलं असतं तर...” आणि वाक्य तसंच सोडून हात धुवायला गेले.

चौकशीत निघालं : वीजपुरवठा खंडित झाल्याने उद्भवलेला तांत्रिक बिघाड.

तिने त्याला एकदाच सुनावलं होतं. “नऊ वेळा फोन केला मी.” तो बेसिनपाशी उभा होता, हात पाण्याखाली. नळ तसाच वाहत राहिला. लेक वीस दिवसांची असताना त्याने नोकरी सोडली. त्यानंतर लॅपटॉपला हात लावला नाही. स्वयंपाक, लंगोट, भाजी, लेकीची लस, सगळं त्याने ओढून घेतलं. आधी तिला वाटलं दुःख आहे, ओसरेल. मग वाटलं, किती दिवस? मग त्याचीच रिकामी खुर्ची तिला मिळाली, आणि एखाद्या संध्याकाळी थकून घरी आल्यावर तिच्या मनात ऐतखाऊ हा शब्दही येऊन गेला होता. येऊन गेला, एवढंच. पण आला होता.

आणि सासूबाई. नातीला मांडीवर थोपटता थोपटता त्या रोज कधी ना कधी म्हणत, “ज्या कुणी मेल्याने तो फोन बंद पाडला, त्याचे हात झडोत.” की तो उठून बाल्कनीत जाई. वाळलेले कपडे काढायला. कपडे नसले तरी.

इतिहासातला दुसरा बदल त्या दिवसानंतरच्या सकाळचा होता. ‘तिसऱ्या इमारतीत नवे यंत्र, लेबल दुरुस्त केले’. नाव मास्तरांचं.

ती उठली. मास्तर जिन्याच्या वळणावरच्या खिडकीपाशी एकटेच उभे होते.

“सर, जुन्या क्लस्टरचं तिसरं लेबल खोटं होतं.”

मास्तरांनी कपात बघितलं. “उघडलीस होय.”

“तुम्हीच म्हणालात, जुनी फाइल घे.”

“फाइल घे म्हटलं होतं. इतिहास वाच म्हटलं नव्हतं.” ते खिडकीबाहेर बघायला लागले. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, चुकत होतं, परत घेत होतं. “त्याने सांगितलं नाही ना तुला?”

“नाही.”

“वाटलंच.”

“चौकशीत तुम्ही पण सांगितलं नाहीत.”

“काय सांगायचं होतं? कुणाचं नाव घ्यायचं होतं? ज्याचा बाप त्याच दिवशी त्याच नंबरापायी गेला, त्याचं? ज्याची बायको बाळंतपणाला टेकलीय, त्याचं?” मास्तरांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “वाचवलं मी त्याला, मुंगे.”

“आणि तुम्हाला?”

“मलाही.” खोटं बोलायचं त्यांच्या मनातही आलं नसावं. “लेबल लाव असं मीच सांगितलं होतं त्याला. तोंडी. तोंडी सांगितल्याची नोंद राहत नाही.”

“आणि आज मला तेच सांगताय.”

“तीन आठवड्यांचा प्रश्न आहे गं. दर तासाला वरून फोन येतोय मला. मागच्या वेळी नशीब फुटकं निघालं. दर वेळी फुटकंच निघतं का?”

“मी नाही लावणार, सर.”

“मग मी लावतो. माझ्या बोटांना काय धाड भरलीय?”

“मी अहवालात लिहीन.”

“लिही की. शेऱ्याचा रकाना मोकळाच असतो. ते मला विचारतील, मी म्हणेन, तांत्रिक बाब आहे, हाताळली आहे. संपलं.” ते तिच्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्याचंच तिला जास्त भय वाटलं. दमलेला, घामेजलेला, जावयाला समजवावं तसं समजावणारा माणूस. “तुझ्या एका वाक्यावर कुणी उद्घाटन थांबवणार नाही. थांबवतील ते पुरावा बघून. हे असं केल्याने एकदा माणूस मेलाय, हा घ्या कागद, असं दाखवलंस तरच. आणि तुझा पुरावा तर तुझ्याच घरी जेवतो.”

ती परत जायला वळली.

“विचार कर,” मास्तर म्हणाले. “त्याची आई आहे घरात.”

जागेवर येऊन तिने अहवाल लिहायला घेतला. दहा हिरव्या ओळी, एक लाल. शेऱ्यात लिहिलं : क्लस्टर सज्ज नाही. प्लॅटफॉर्म चढवू नये. मग कारण. तिसऱ्या इमारतीत यंत्र नाही. लेबल हाताने बदलून तपासणी हिरवी करता येते. तसं यापूर्वी झालं आहे. ‘एका कर्मचाऱ्याने तात्पुरती सोय म्हणून लेबल बदलल्याचे जुन्या नोंदीत दिसते. वीज गेली त्या दिवशी तीनपैकी दोन प्रती एकाच इमारतीत होत्या.’ फाइलच्या इतिहासाचं चित्र जोडलं. नावाच्या जागी काळी पट्टी ओढली. पट्टी ओढलेला कागद तिने दूर धरून पाहावा तसा, खुर्ची मागे सारून, पाहिला. कुणीही म्हणेल, नाव का लपवलंय? खोटा आहे कागद. बदल दोनच होते. एक मास्तरांचा. मास्तरांचं नाव तिने उघडं ठेवलं होतं, आणि आता ते तिला नीचपणाचं वाटायला लागलं.

दीड वाजता तिने लॅपटॉप पिशवीत घातला.

“कुठे?” रेडिओने विचारलं.

“घरी. लेकीला बरं नाही.”

रेडिओने तिच्याकडे पाहिलं, तिच्या लाल ओळीकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच काही न बोलता मान हलवली.

घर चालत वीस मिनिटांवर. तिने एकदाही पावलं भराभर उचलली नाहीत. दार उघडंच होतं. आतल्या खोलीतून सासूबाईंचं पुटपुटणं आणि लेकीचे अर्धवट शब्द ऐकू येत होते. झोपवणं चाललं होतं आणि झोप काही येत नव्हती. बाहेरच्या खोलीत तो जमिनीवर कपड्यांच्या ढिगापाशी बसला होता. मांडीवर एक बोटभर बाहीचा फ्रॉक.

“लवकर? बरं नाही का तुला?”

तिने चपला काढल्या. खुर्ची ओढली, पण बसली नाही. मग त्याच्यासमोर जमिनीवरच बसली.

“तिसऱ्या इमारतीत जागा नाही म्हणे.”

त्याने फ्रॉकची घडी घातली. उलगडली. परत घातली.

“मास्तर काय म्हणाले?”

“काय म्हणणार?”

“‘लेबल लाव आणि पुढे चल.’” हुबेहूब मास्तरांचा आवाज. पूर्वी तो सगळ्यांच्या नकला करायचा, घर हसवून सोडायचा. सोळा महिन्यांत तिने ही पहिली ऐकली. “मग? लावलंस?”

“नाही.”

त्याने श्वास सोडला, इतका हळू की फ्रॉकच्या झालरीशिवाय काही हललं नाही.

“जुनी फाइल उघडली मी,” ती म्हणाली.

आतून लेक खदखदून हसली, आणि सासूबाई म्हणाल्या, “गप, गप, झोपायचं आता.” त्याने फ्रॉक बाजूला ठेवला, ढिगातला दुसरा कपडा घेतला, तो काय आहे हे न बघताच घडी घालत राहिला.

“तुला आज कळलं,” तो म्हणाला. “मला त्याच दिवशी. साडेअकराला. मशिनं का उठत नाहीत ते शोधत होतो, आणि माझीच ओळ समोर आली.” त्याने घातलेली घडी मोडली. “तुझा फोन वाजत होता. मला वाटलं, आत्ता उचलला तर सुधारायला दोन मिनिटं उशीर होईल. कुणाचं तरी काहीतरी असेल, कुणीतरी वाट बघत असेल. म्हणून कट करत होतो.”

तिच्या हाताला एक छोटा मोजा लागला. तिने त्याचा जोडीदार शोधायला ढीग चाळला.

“दोनदा मागितलं होतं गं मी मशीन. मग आपण तिची खोली रंगवायला घेतली. पाळणा आणला. तिसऱ्यांदा मागायचं राहून गेलं.” आणि मग, कपडा तसाच हातात धरून, “भांड माझ्याशी.”

“भांडणारे. खूप भांडणारे.” तिने मोजा ढिगावर ठेवला. “पण हे पाचच्या आत पाठवायचंय. नाही पाठवलं तर मास्तर स्वतः लेबल लावतील. उद्या नऊला प्लॅटफॉर्म चढेल. नुसतं लिहून कुणी थांबणार नाही.”

तिने लॅपटॉप काढून दोघांच्या मध्ये, कपड्यांवरच ठेवला आणि उघडला. तो आधी नुसताच बघत राहिला, विस्तवाकडे बघावं तसा. मग पुढे सरकला आणि वाचायला लागला. ती त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. ते ओळींवरून गेले, शेऱ्यापाशी थांबले, खाली चित्रावर आले.

“ही पट्टी कशाला?”

“आईंना कळेल.”

“हो.”

“तुझ्या बहिणीला. सगळ्यांना. चौकशी परत उघडेल. पोलीससुद्धा येतील कदाचित.”

“येतील.” त्याने पट्टीवर बोट ठेवलं. “ही ठेवलीस तर मास्तर म्हणतील, कागद बनवलाय. मी असतो तर हेच म्हटलं असतं. काढ.”

“तू काढ,” ती म्हणाली. “मला नाही जमणार.”

त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला. बोटं कळांवर ठेवली, उचलली, पँटला पुसली. इतक्या महिन्यांत कळा विसरल्यासारखा तो एकेक शोधत होता. काळी पट्टी निघाली. मग तो वर शेऱ्यात गेला, ‘एका कर्मचाऱ्याने’ हे शब्द निवडले आणि पुसून टाकले. तिथे स्वतःचं नाव लिहिलं.

आणि अडला.

सरकारी कागद. पूर्ण नाव लागतं. आपलं, मग वडिलांचं, मग आडनाव. शाळेच्या पहिल्या दिवसापासून न अडखळता लिहीत आलेला क्रम. कर्सर त्याच्या नावापुढे उघडझाप करत राहिला. तिने हात पुढे केला आणि त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, नुसता टेकवला. शर्टाखाली पाठ दगडासारखी होती.

“नुसतं आडनाव लिही,” ती हळूच म्हणाली. “चालतं.”

त्याने नकारार्थी मान हलवली. मग वडिलांचं नाव लिहिलं. एकेक अक्षर, प्रत्येक कान्याशी, प्रत्येक वेलांटीशी थांबत. एकदा चुकलं. खोडलं. परत पहिल्या अक्षरापासून लिहिलं. आडनाव त्यामानाने लवकर झालं.

तिने ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, तिच्या सवयीप्रमाणे. चूक नव्हती. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनीच हो म्हटलं, आणि तिने अहवाल पाठवून दिला. तीन वाजायला दहा मिनिटं होती.

“अरे वा!”

आतल्या खोलीच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. नात कडेवर, टक्क जागी, आजीच्या चष्म्याची दोरी तोंडात. त्यांचं सगळं लक्ष त्याच्या मांडीवरच्या उजेडाकडे होतं, आणि चेहरा कितीतरी दिवसांनी उमललेला.

“उघडलास एकदाचा लॅपटॉप? कामाला लागलास होय रे? मी म्हणतच होते हिला, जरा दम धर, आपणहून उठेल तो.” त्यांनी नातीचा गाल आपल्या गालाला लावला. “बघितलंस का गं, बाबा काम करतोय.”

त्याने लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला. कपड्यांचा ढीग दोन्ही हातांनी मागे सारून समोर जागा केली.

“आई,” तो म्हणाला, “जरा बस इथे.”

“बसते की,” त्या म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात टेकत, नातीला सावरत, हसतच त्याच्यासमोर येऊन बसल्या.